एकाच घरात दोन आजार : रोगप्रतिकारशक्तीचा कासरा समजून घेताना



हा लेख एका विद्यार्थिनीच्या प्रश्नातून आला आहे. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या शाळेत रोज परिपाठाला एक मूल बातम्या वाचतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये एका मुलाने वैद्यकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराची बातमी वाचली. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि जपानचे शिमॉन साकागुची या तिघांना पुरस्कार मिळाला होता. आपली रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला का करत नाही, हे त्यांनी शोधलं होतं. नावं वाचताना मुलगा अडखळला, बाकीची हसली, परिपाठ संपला.

मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी माझ्याकडे आली. (घरच्यांची परवानगी घेऊन, नाव न घेता लिहिते आहे.) म्हणाली, "मॅडम, माझ्या मायला आमवात हाय. डॉक्टर म्हणतात, तिची प्रतिकारशक्ती अंगावर उलटली, ती दाबायची. माझ्या मामाला तोंडाचा कॅन्सर हाय. त्याला मुंबईला म्हणले, प्रतिकारशक्ती मोकळी सोडायचं इंजेक्शन देतो. दोघं सख्खे बहीण-भाऊ. मंग एकीची दाबायची आन् एकाची सोडायची, असं कसं? आन् दोघांच्या पिशवीत एक गोळी सारखीच हाय."

खरं सांगते, मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं विज्ञान शिकवते आहे. "पालेभाज्या खा, फळं खा, रोगप्रतिकारशक्ती वाढवा" हे वाक्य किती वेळा फळ्यावर लिहिलं असेल, त्याला गणती नाही. प्रतिकारशक्ती म्हणजे पगार, जितकी जास्त तितकी बरी, असंच माझ्याही डोक्यात होतं. तिला म्हणाले, "मला चार दिवस दे." त्या चार दिवसांत जे वाचलं, तालुक्यातल्या डॉक्टरांना जे विचारलं, ते इथे मांडते. तुमच्याही वर्गात असा प्रश्न येणार आहे.

छातीतली शाळा

आपल्या पाठ्यपुस्तकात अंतःस्रावी ग्रंथींच्या तक्त्यात 'यौवनलोपी ग्रंथी' असं एक नाव येतं. आपण ते घाईत पुढे ढकलतो. तीच थायमस. छातीच्या हाडामागे, हृदयाच्या वर असते. लहानपणी मोठी असते आणि वयात आल्यावर आक्रसत जाते, म्हणून तर ते नाव.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी 'टी पेशी' या थायमसमध्ये तयार होतात. टी म्हणजे थायमसचाच टी. जन्म अस्थिमज्जेत, शिक्षण थायमसमध्ये. ही शाळा मोठी कडक आहे. प्रत्येक टी पेशीला शरीराचीच प्रथिनं दाखवली जातात. जी त्यांच्यावर जोरात धावून जाते, तिला तिथेच संपवलं जातं. बहुतेक सगळ्या पेशी नापास होतात, थोड्या पास होऊन रक्तात जातात. आपल्याकडे नापास न करण्याचं धोरण किती वर्षं होतं, तसं तिथे अजिबात नाही!

पण कितीही कडक परीक्षा घेतली तरी काही उनाड पोरं पास होतातच. तशा काही टी पेशी 'आपलं कोण, परकं कोण' हे नीट न शिकता बाहेर पडतात. त्या तुमच्या-माझ्या अंगातही आहेत. मग आपण सगळे आजारी का पडत नाही?

साकागुची यांनी हाच प्रश्न धरला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जपानमधल्या नागोया इथे एका कर्करोग संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांच्या आधी काही संशोधकांनी उंदराच्या पिलांची थायमस जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून पाहिली होती. शाळाच बंद केली तर टी पेशी कमी होतील आणि प्रतिकारशक्ती दुबळी पडेल, अशी अपेक्षा होती. झालं उलटंच. पिलांची प्रतिकारशक्ती बेफाम झाली आणि त्यांच्याच अवयवांवर तुटून पडली.

साकागुची यांनी त्याच जातकुळीच्या निरोगी उंदरांच्या टी पेशी घेऊन या आजारी पडणाऱ्या उंदरांना टोचल्या. आजार थांबला. म्हणजे टी पेशींमध्ये हल्ला करणाऱ्या पेशी असतात, तशा इतरांना आवरणाऱ्याही असतात. वर्गात मॉनिटर असतो ना, तशा. तिसऱ्या दिवशी थायमस काढली तेव्हा उनाड पोरं आधीच बाहेर पडली होती आणि मॉनिटर अजून तयारच झाले नव्हते.

त्या काळात हा विचार कुणाला पटत नव्हता. अशा आवरणाऱ्या पेशींबद्दल आधी काहींनी मोठमोठे दावे केले होते, ते टिकले नाहीत, आणि विषयच बदनाम झाला होता. बहुतेकांनी तो सोडून दिला. साकागुची दहा वर्षांहून जास्त काळ लागून राहिले. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची ओळखखूण दाखवली. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-४ आणि सीडी-२५ ही दोन प्रथिनं एकत्र असतात. आज त्यांना 'नियामक टी पेशी' म्हणतात. पुढे २००१ मध्ये अमेरिकेत ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी 'फॉक्स-पी-३' हे जनुक शोधलं. ते बिघडलं की उंदराची पिलं आणि माणसाची लेकरंही स्वतःच्याच प्रतिकारशक्तीला बळी पडतात. हे जनुकच मॉनिटर घडवतं, हे पुढच्या दोन वर्षांत स्पष्ट झालं.

मायचा आमवात, वर्गातलं कोड

मॉनिटर कमी पडले किंवा त्यांचं कुणी ऐकेनासं झालं, की जे आजार होतात त्यांना ऑटोइम्यून आजार म्हणतात. म्हणजे स्वतःवरच उलटणारे. आमवातात हल्ला सांध्यांच्या अस्तरावर होतो. टाइप-१ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर होतो. थायरॉइडचे बरेच आजार याच जातीचे. ल्युपस नावाच्या आजारात तर त्वचा, सांधे, मूत्रपिंड, काहीही सापडू शकतं. आणि पांढरं कोड. त्यात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी मारल्या जातात, बाकी काही नाही.

इथे जरा थांबते, कारण हा भाग आपल्या शिक्षकांचा आहे. कोड आलेल्या लेकराच्या शेजारी बसायला मुलं नकार देतात. डबा वेगळा, पाण्याचा ग्लास वेगळा. मुलगी असेल तर घरच्यांना सातवी-आठवीपासूनच लग्नाची चिंता. अजूनही लोक कोड आणि कुष्ठरोग यांची गल्लत करतात. हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत. कुष्ठरोग जंतूमुळे होतो आणि औषधांनी बरा होतो. कोड संसर्गजन्य नाही, शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. हे आपण वर्गात मोठ्याने सांगायला हवं, त्या मुलाला उभं न करता.

टाइप-१ मधुमेहाचं मूल असेल तर त्याला तासाला पाणी प्यायला आणि लघवीला जाऊ द्या. इन्सुलिन घेतलेलं मूल घामाघूम झालं, थरथरायला लागलं, बरळायला लागलं, तर साखर उतरली असू शकते. शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखर किंवा गूळ द्या आणि घरी कळवा. "नाटकं करतो" म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. त्याची लाज अजून वाटते.

आणि 'इम्युनिटी बूस्टर'. कोरोनापासून या शब्दाचं पेव फुटलं आहे. काढे, चूर्णं, गोळ्या, सगळ्यांवर तेच लिहिलेलं. या मुलीच्या मायलाही कुणीतरी महागडं चूर्ण दिलं होतं. तिची प्रतिकारशक्ती आधीच उधळलेली. तिला बूस्टर कशाला? आपला हिंगोली जिल्हा हळदीचा, त्यामुळे हळदीबद्दलही विचारणा होतेच. हळदीतल्या कर्क्युमिनवर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं आहे, पण ते पोटातून रक्तात फार कमी शोषलं जातं. हळदीने कॅन्सर किंवा आमवात बरा होतो, असं माणसांवरच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं नाही. भाजीत घाला, दुधात घाला, औषध मात्र बंद करू नका.

मामाच्या अंगातला कासरा

आता मामा. कॅन्सरच्या पेशी या आपल्याच पेशी, बिघडलेल्या. बिघाड झाला की त्यांच्यावर अनोळखी खुणा येतात आणि टी पेशी त्या ओळखू शकतात. मग मारत का नाहीत?

शेतकऱ्याच्या लेकरांना मी असं सांगितलं. बैल कितीही ताकदीचा असला तरी त्याला कासरा असतो. कासरा ओढला की बैल थांबतो. टी पेशीच्या अंगावरही असे कासरे आहेत. त्यातला एक पीडी-१. तो १९९२ मध्ये जपानच्या तासुकू होन्जो यांच्या प्रयोगशाळेत सापडला. दुसरा सीटीएलए-४, त्यावर अमेरिकेच्या जेम्स ॲलिसन यांनी काम केलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. हे कासरे निसर्गाने चांगल्यासाठीच दिलेत. जंतू मेल्यावर लढाई थांबवायला कुणीतरी हवंच. पण कॅन्सरची पेशी लबाड. ती स्वतःच्या अंगावर असं प्रथिन उगवते की जे पीडी-१ ला धरून ओढतं. टी पेशी समोर येऊन उभी राहते आणि तिथेच थबकते. वरून गाठीभोवती नियामक पेशीही गोळा होतात. मॉनिटरच चोराच्या पहाऱ्याला!

इम्युनोथेरपीचं हे औषध, म्हणजे निवोलुमॅब, पीडी-१ वर जाऊन बसतं. कॅन्सरच्या हाती कासरा येतच नाही. किमोथेरपीसारखं ते पेशीला विष देत नाही, फक्त बैल मोकळा करतं.

अडचण पैशाची. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. असे डोस महिनोन् महिने घ्यायचे, खर्च लाखांत जातो. सोयाबीन आणि हळदीवर घर चालवणाऱ्या माणसाने ऐकूनच परत फिरावं असा. आणि तोंडाचा कॅन्सर तर आपल्याच लोकांना जास्त होतो. तंबाखू-चुना, पुडी, खर्रा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. शाळेच्या कंपाउंडबाहेर काय पडलेलं असतं ते तुम्हाला-मला माहीत आहे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. इतका डोस खरंच लागतो का? जुन्या अभ्यासांत एक गोष्ट दिसली होती. अगदी थोड्या औषधानेही टी पेशींवरचे बहुतेक कासरे झाकले जातात आणि बरेच आठवडे झाकलेले राहतात. दहा कुलपांना दहाच किल्ल्या लागतात, शंभर देऊन काय उपयोग?

त्यांनी डोस ठेवला २० मिलिग्रॅम, तोही दर तीन आठवड्यांनी. हे गणित वर्गात घालून बघा. सहा आठवड्यांत नेहमीच्या पद्धतीने तीन डोस, म्हणजे ७२० मिलिग्रॅम. या पद्धतीने दोन डोस, म्हणजे ४०. अठरावा हिस्सा. या औषधाची ४० मिलिग्रॅमची कुपी मिळते, ती दोन रुग्णांत वाटता येते.

अभ्यासात डोकं आणि मानेच्या कॅन्सरचे १५१ रुग्ण होते. सगळ्यांचा आजार बरा होण्यापलीकडे गेलेला. एका गटाला तीन स्वस्त गोळ्या दिल्या : मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि वर हे छोटं इंजेक्शन. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के रुग्ण जिवंत होते. इंजेक्शनच्या गटात ४३.४ टक्के. निम्मे रुग्ण जिवंत असण्याचा काळ ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. इंजेक्शनमुळे गंभीर दुष्परिणाम वाढलेले दिसले नाहीत. 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी' या नावाजलेल्या नियतकालिकात हे २०२३ च्या सुरुवातीला छापून आलं.

या आकड्यांची दुसरी बाजूही मुलांना सांगायलाच हवी. वर्ष संपेपर्यंत दुसऱ्या गटातलेही निम्म्याहून जास्त लोक गेले होते. हा बरा करणारा उपचार नाही, वेळ मिळवून देणारा आहे. आणि तुलना गोळ्यांशी केली होती, पूर्ण डोसशी नाही. त्यामुळे छोटा डोस मोठ्याइतकाच चांगला, असं या एका अभ्यासावरून म्हणता येत नाही. पण ज्याला मोठा डोस कधीच परवडणार नव्हता, त्याच्यासाठी प्रश्न 'छोटा की मोठा' असा नसतोच. 'छोटा की काहीच नाही' असा असतो. मला या संशोधनातलं हेच आवडलं. नवं औषध शोधलं नाही, आहे ते औषध आपल्या माणसाच्या खिशापर्यंत आणलं.

पिशवीतली सारखी गोळी

आता त्या मुलीच्या प्रश्नातला सगळ्यात चांगला भाग. मी तिला दोघांची रिकामी पाकिटं आणायला सांगितली. सारखी गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. माय आमवातासाठी घेते, मामा कॅन्सरसाठी. सेलेकॉक्सिबसुद्धा मुळात सांधेदुखीचीच गोळी आहे.

मेथोट्रेक्सेट जुनं औषध. आंध्रातून अमेरिकेत गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तिथे १९४० च्या दशकात ते तयार झालं. आधी ते रक्ताच्या कॅन्सरसाठी वापरलं गेलं, आमवातासाठी नंतर. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना लागणाऱ्या फॉलिक ॲसिडचा उपयोग ते होऊ देत नाही. आमवातात छोट्या डोसने खवळलेल्या पेशी शांत होतात. मामाच्या उपचारात तोच छोटा डोस सतत चालू ठेवून गाठीची वाढ आणि तिच्याकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या रोखायचा प्रयत्न असतो.

पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. आमवातात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोजची समजून घेतली तर जिवावर बेतू शकतं. घरात कुणी घेत असेल तर वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. वाचता न येणाऱ्या आजीच्या गोळ्या नातवंडांनी सांभाळल्या तर फारच छान. आणि गरोदरपणात ती चालत नाही, हेही डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

उलट दिशेनेही अशीच देवाणघेवाण चालू आहे. आयआयटी मुंबईचे डॉ. राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी मिळून देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती तयार केली. रुग्णाच्याच टी पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कॅन्सर झालेल्या बी पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मंजुरी मिळाली, ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते आयआयटीत तिचं लोकार्पण झालं. परदेशाच्या मानाने खर्च बराच कमी, तरी लाखांतच. याच प्रकारचा उपचार जर्मनीतल्या डॉक्टरांनी ल्युपसच्या रुग्णांवर केला. त्यांचा २०२२ चा अहवाल पाच रुग्णांचा होता, पाचही जणांचा आजार शांत झाला. रुग्ण थोडे आहेत, पण कॅन्सरचं हत्यार ऑटोइम्यून आजारावर चाललं, हे खरं.

हे सगळं मी दोन तासिकांत घेतलं. दुसऱ्या तासाला शेवटी प्रत्येकाला स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी धरून तोंडात घालायला लावली. तोंड पूर्ण उघडून तीन बोटं जात नसतील तर दंतवैद्याला दाखवायचं. पुडी-सुपारीने तोंडाची कातडी आतून आखडते, ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते. तसंच दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, दर वेळी मुंबईच गाठावी लागते असं नाही. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. दोघांची बोटं गेली नाहीत. त्यांच्या घरी मी संध्याकाळी जाऊन आले.

तास संपला तरी ती मुलगी बाकावरून उठली नाही. म्हणाली, "मॅडम, मामाचा कासरा सोडला, तर मायसारखे त्याचे पण सांधे धरतील का?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. हो, धरू शकतात. होन्जोंच्या प्रयोगशाळेत पीडी-१ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांना ल्युपससारखा आजार झाला होता. हे औषध घेणाऱ्या काही रुग्णांचे सांधे सुजतात, थायरॉइड बिघडतं, जुलाब लागतात, धाप लागते, क्वचित टाइप-१ मधुमेहसुद्धा होतो. वेळेवर कळलं तर डॉक्टर स्टेरॉइड देऊन कासरा पुन्हा ओढू शकतात. म्हणून असं काही झालं तर "कॅन्सरमुळेच असेल" म्हणून घरी बसायचं नाही, लगेच सांगायचं.

तिने वहीचं मागचं पान उघडलं आणि एकाखाली एक लिहून घेतलं : सांधे, जुलाब, धाप, फार तहान. "मामा रविवारी नांदेडहून रात्रीच्या गाडीने निघणार हाय," म्हणाली, "त्याच्या आधी फोन करते."